मांजरासाठी दाराला भोक पाडायचंय? आधी ते दार उघडणार कुठे, ते बघा

पहाटेचे साडेचार वाजलेत. बेडरूमचं दार बंद आहे आणि बाहेरून कोणीतरी ते नखांनी खरवडतंय. उठून दार उघडावं, तर मांजर आत येत नाही, दारातच शेपटी गुंडाळून बसतं. वैतागून दार लावावं, तर दोन मिनिटांत पुन्हा खरखर सुरू. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांना यातलं काही नवीन नाही.

मग कधीतरी एक रील समोर येतं. दाराच्या खालच्या बाजूला छोटीशी चौकोनी झडप, त्यातून एक गुबगुबीत मांजर डोकं घालून ऐटीत आत येतं, झडप मागे टक्कन बंद होते. रील बघणारा लगेच ऑनलाइन शोधायला लागतो. सुताराला फोन जातो. आणि गडबड नेमकी इथेच होते.

कारण अशी बहुतेक रील्स इंग्लंड-अमेरिकेतली असतात. तिथल्या घराला मागचं दार असतं, दाराबाहेर अंगण असतं, अंगणाला कुंपण असतं. मुंबई-पुण्यातल्या फ्लॅटचं दार लॉबीत उघडतं, लॉबीत लिफ्ट असते, जिना असतो, शेजारच्यांचा कुत्रा असतो आणि जिना उतरला की पार्किंग. भोक दोन्हीकडे सारखंच पडतं, पण त्यातून मांजर कुठे पोहोचतं हे सारखं नसतं. त्यामुळे झडप कोणत्या कंपनीची घ्यायची, हा नंतरचा प्रश्न आहे.

फ्लॅटमध्ये मेन डोअर विसरा

स्पष्टच सांगायचं तर फ्लॅटच्या मुख्य दाराला कॅट डोअर बसवण्यात काही अर्थ नाही. एक तर मांजर थेट जिन्यात जातं. दुसरं म्हणजे सुरक्षितता. झडपेच्या भोकातून माणूस आत शिरणार नाही, पण हात खांद्यापर्यंत आत येऊ शकतो. कडी किंवा लॅच त्या हाताच्या टप्प्यात असेल, तर कुलूप असून नसल्यासारखं. तिसरं, नव्या टॉवरमध्ये काही दारं आगरोधक असतात. आग लागली तर धूर आणि ज्वाळा ठराविक वेळ अडवून धरण्यासाठी ती बनवलेली असतात. त्यांना भोक पाडलं की तो गुण गेलाच. दाराच्या कडेला बिजागरीजवळ तशी पट्टी किंवा लेबल दिसलं, तर करवत लावायची नाही.

शिवाय सोसायटी आहेच. मांजर पाळणं हा तुमचा प्रश्न, पण फ्लॅटमध्ये तोडफोड किंवा बाहेरून दिसणारा बदल करायचा असेल तर कमिटीची लेखी परवानगी लागते. मुख्य दार, बाल्कनीची ग्रिल, खिडकीची बाहेरची बाजू हे सगळं त्यात येतं. घराच्या आतल्या दाराबद्दल सहसा कोणी विचारत नाही.

आणि फ्लॅटमध्ये कॅट डोअरची खरी गरज आतल्या दारांनाच असते. समजा, लिटर बॉक्स बाथरूममध्ये किंवा ड्राय बाल्कनीत ठेवलाय. आता ते दार दिवसभर उघडं ठेवायचं म्हणजे वास, डास आणि रांगणारं बाळ असेल तर वेगळीच धास्ती. दार बंद ठेवावं, तर मांजर सोफ्यामागे उरकतं. इथे झडप बसवली की दोन्ही प्रश्न सुटतात. तीच गोष्ट बेडरूमची. एसी सुरू आहे, दार बंद आहे, मांजराला रात्री चार वेळा आत-बाहेर करायचंय. त्याला बाहेर जायचं नसतंच, फक्त बंद दार सहन होत नाही.

यात एक सोय अशी की बाथरूमची दारं बऱ्याच घरांत पीव्हीसीची असतात. ती आतून पोकळ असतात, कापायला सोपी आणि लाकडी दाराच्या मानाने स्वस्त. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी तर हाच सगळ्यात शहाणपणाचा मार्ग आहे. मूळ दार बिजागऱ्यांतून काढून माळ्यावर ठेवायचं, त्याच मापाचं साधं दार आणून त्याला झडप बसवायची आणि घर सोडताना मूळ दार परत लावायचं. डिपॉझिटवरून मालकाशी वाद नको. अर्थात दार उतरवण्याआधी मालकाला एक मेसेज टाकलेला बरा.

तेवढाही खटाटोप नको असेल तर दाराला आणि चौकटीला जोडणारा हूक किंवा छोटी साखळी लावा. दार चार इंच उघडं राहतं, मांजर जातं, कुत्रा अडतो. फक्त पावसाळ्याच्या वाऱ्यात दार आपटतं आणि शेपटी मध्ये सापडते, म्हणून साखळीऐवजी दार दोन्ही बाजूंनी पक्कं धरून ठेवणारा हूक घ्या.

बाल्कनीत उघडणारी झडप म्हणजे जिवाशी खेळ होऊ शकतो

पुढची इच्छा असते ती बाल्कनीची. मांजराला ऊन हवं असतं, कबुतरं बघायची असतात. बाल्कनीच्या स्लायडिंग खिडकीत झडप बसवून दिली की ते हवं तेव्हा जाईल-येईल. आयडिया चांगली आहे, पण या झडपेचा अर्थ असा की तुम्ही ऑफिसात असताना किंवा गाढ झोपेत असताना मांजर एकटं बाल्कनीत असणार.

‘मांजर कितीही उंचावरून पडलं तरी चार पायांवर उतरतं’ हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं. त्यात अर्धं खरं आहे. हवेत असताना अंग वळवून पाय खाली करण्याची क्षमता मांजरात असते. पण पायांवर उतरणं म्हणजे न लागणं नव्हे. जबडा फुटणं, छातीत मार बसून फुप्फुसाला इजा होणं, पाय मोडणं हे प्रकार इतके नेहमीचे आहेत की पशुवैद्यकशास्त्रात त्याला ‘हाय-राइज सिंड्रोम’ असं नावच आहे.

याबद्दलचा एक अभ्यास सोशल मीडियावर सारखा फिरतो. न्यूयॉर्कच्या ॲनिमल मेडिकल सेंटरमध्ये १९८४ साली पाच महिन्यांत इमारतींवरून पडलेली १३२ मांजरं आणण्यात आली होती. ती सरासरी साडेपाच मजल्यांवरून पडली होती आणि उपचार झालेल्यांपैकी ९० टक्के वाचली. १९८७ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. सातव्या मजल्याच्या वरून पडलेल्यांना उलट कमी इजा झाल्याचं त्यात दिसलं आणि तेव्हापासून ‘मांजर जितक्या उंचावरून पडेल तितकं सुरक्षित’ असा भलताच निष्कर्ष लोक काढत आलेत. यातली मेख साधी आहे. जी मांजरं जागीच मेली, त्यांना दवाखान्यात कोण नेणार? ती मोजणीत आलीच नाहीत. वाचलेल्यांवरून काढलेला आकडा सगळ्यांना लावता येत नाही.

म्हणून नियम एकच: बाल्कनी पूर्ण बंदिस्त झाल्यावरच तिकडे झडप. आणि बंदिस्त म्हणजे कबुतरांची जाळी नव्हे. ती नायलॉनची जाळी पक्षी आत येऊ नये म्हणून असते, मांजराचं वजन पेलण्यासाठी नाही. मांजर तिच्यावर चढतं, दातांनी दोरे कुरतडतं, उन्हापावसाने दोन-तीन वर्षांत ती कडक होऊन तुटायला लागते, कोपऱ्यातले हूक निघतात. सध्या फॅशनमध्ये असलेली ‘इनव्हिजिबल ग्रिल’ लहान मुलांसाठी ठीक, पण तिच्या ताणलेल्या तारांमधल्या फटीतून मांजराचं पिल्लू सहज जातं, आणि बारीक अंगाचं मोठं मांजरही जाऊ शकतं. मांजरासाठी बारीक छिद्रांची स्टीलची वेल्डमेश जाळी, चौकटीत घट्ट बसवलेली आणि वर छतापर्यंत नेलेली, हाच भरवशाचा पर्याय. खाली आणि बाजूला राहिलेल्या फटी हाताने चाचपून बघा. डोकं गेलं की मांजर गेलं, कारण त्याच्या गळ्याजवळचं हाड, म्हणजे हासळी, माणसासारखं इतर हाडांना जोडलेलं नसतं. खांदे आवळून ते अशा फटीतून निघतं की बघणारा थक्क होतो.

काचेबद्दलही एक गोष्ट. फ्रेंच विंडोला किंवा मोठ्या स्लायडिंग दाराला बहुतेक टफन्ड ग्लास असते आणि ती तयार झाल्यावर कापता येत नाही. करवत किंवा ड्रिल लागलं की तिचे क्षणात बारीक तुकडे होतात. कारागीर ‘करून देतो साहेब’ म्हणाला तरी ऐकू नका. काच कारखान्यातच भोक ठेवून बनवून घ्यावी लागते. त्यापेक्षा सोपं म्हणजे स्लायडिंगच्या ट्रॅकमध्ये बसेल अशी ॲक्रिलिकची किंवा प्लायची एक उभी, अरुंद पट्टी करून घ्यायची आणि झडप तिच्यात बसवायची. काचेला हात लागत नाही आणि नको तेव्हा पट्टी काढून ठेवता येते. फक्त काच आता पूर्ण सरकत नसल्याने तिची मूळ कडी लागणार नाही, त्यासाठी वेगळं लॉक लावावं लागेल.

या भोकाचा शोध न्यूटनने लावला का?

नाही. पण गोष्ट मजेशीर आहे. प्रकाशाचे प्रयोग करताना मांजर सारखं दार उघडायला लावायचं म्हणून आयझॅक न्यूटनने दाराला मोठं भोक पाडलं आणि मांजरीला पिल्लं झाल्यावर त्यांच्यासाठी शेजारी छोटं भोकही पाडलं, असं सांगतात. एवढा बुद्धिमान माणूस, पण मोठ्या भोकातून पिल्लंही जातील हे त्याच्या लक्षात आलं नाही, हा त्यातला विनोद. प्रत्यक्षात न्यूटनसोबत काम केलेल्या त्याच्या सहायकाने लिहून ठेवलंय की न्यूटनच्या खोलीत ना कुत्रा होता, ना मांजर.

आणि असं भोक न्यूटनच्या जन्माआधीच अस्तित्वात होतं. इंग्लंडमधल्या एक्झिटर कॅथेड्रलमध्ये खगोलीय घड्याळाखालच्या दाराला एक गोल भोक आजही आहे. १५९८ च्या सुमाराला तिथल्या बिशपने सुतारांना पैसे देऊन ते पाडून घेतलं, मांजराने आत जाऊन उंदीर मारावेत म्हणून. त्याही आधी, १३०५ पासून दीडशेहून अधिक वर्षं, त्या कॅथेड्रलच्या हिशोबात मांजराच्या नावाने आठवड्याला एक पेनी खर्ची पडत होती. थोडक्यात, मांजर पगारी नोकर होतं.

आपल्याकडे अशा भोकाची वेगळी गरजच पडली नाही. कौलारू घरात भिंत आणि छपराच्या मधून, माळ्यावरून, मोरीच्या बाजूने मांजराची ये-जा सुरूच असायची. स्लॅब आला, खिडक्यांना डासांच्या जाळ्या आल्या, दारं घट्ट बंद व्हायला लागली, तेव्हा मांजर अडकलं.

बंगला किंवा गावचं घर असेल तर

इथे मागच्या दाराला झडप बसवणं शक्य आहे, सोयीचंही आहे. पण ज्या भोकातून तुमचं मांजर येतं, त्यातून दुसरंही कोणी येऊ शकतं. सगळ्यात आधी येतो गल्लीतला बोका. तो तुमच्या मांजराचं जेवण खातो, वर भिंतीवर फवारा मारून हद्द आखून जातो. घूस येऊ शकते. उंदीर-घुशींचा माग काढत साप येतो आणि पावसाळ्यात बिळांत पाणी शिरलं की त्यालाही कोरडी जागा हवी असते. कोकणात माकडं हात घालून बघतात.

म्हणून बाहेरच्या दाराला नुसती लोंबकळणारी झडप नको. चार स्थितींचं लॉक असलेली घ्या: दोन्हीकडून उघडी, फक्त आत येता येईल, फक्त बाहेर जाता येईल, पूर्ण बंद. संध्याकाळी ‘फक्त आत’वर ठेवायचं, मांजर परतलं की ‘पूर्ण बंद’. जुन्नरच्या ऊसपट्ट्यात किंवा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहणाऱ्यांना याचं कारण सांगायला नको. बिबट्या कुत्रा उचलतो हे सगळ्यांना माहीत आहे, मांजरही त्याला वर्ज्य नाही. बाकी ठिकाणी रात्रीची वाहनं आणि कुत्र्यांची टोळी आहेच. शेजारी कोणी उंदराचं औषध टाकलं असेल तर ते खाल्लेला उंदीर मांजराच्या पोटात जातो, हा धोका लोकांच्या लक्षातच येत नाही.

अनोळखी मांजरं रोखायची तर चिप ओळखणारी झडप मिळते. तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप डॉक्टर मांजराच्या खांद्यांमध्ये कातडीखाली सुईने घालतात. तिच्यात १५ अंकी नंबर असतो. मांजराने डोकं घातलं की झडप तो नंबर वाचते आणि ओळखीचा असेल तरच लॉक सोडते. एक गैरसमज इथेच दूर करायला हवा: ही चिप म्हणजे जीपीएस नाही. तिला बॅटरी नसते, मांजर कुठे आहे हे ती सांगत नाही. शिवाय या झडपांची बरीच मॉडेल्स फक्त आत येताना चिप तपासतात, बाहेर कोणीही जाऊ शकतं. घरात दोन मांजरं आहेत आणि त्यातल्या आजारी मांजराला आतच ठेवायचंय, तर दोन्ही बाजूंनी चिप वाचणारं मॉडेल लागेल. लोखंडी दारात चिपचा सिग्नल गडबडतो, तिथे भोक मोठं करून मध्ये लाकडाची किंवा प्लास्टिकची चौकट घालावी लागते. आणि हे सगळं सेलवर चालतं, म्हणजे सेल संपले की मांजर बाहेर, तुम्ही आत.

त्यापेक्षा स्वस्त प्रकार म्हणजे मांजराच्या पट्ट्याला चुंबक. तो चालतो, पण एकाच प्रकारचं चुंबक घातलेलं शेजारचं मांजरही आत येतं आणि तुमचं मांजर खिळे, टाचण्या चिकटवून घरी आणतं. पट्टा घालायचाच तर ओढ बसली की आपोआप सुटणारा घाला, नाहीतर तो झाडाच्या फांदीत अडकून गळफास होतो.

झडप उघडी करण्याआधी दोन गोष्टी झालेल्याच हव्यात. एक, रेबीजसह लसीकरण. दोन, नसबंदी. मांजरी चार ते सहा महिन्यांची असतानाच माजावर येऊ शकते आणि साधारण दोन महिन्यांत वितेसुद्धा. नसबंदी न केलेल्या मांजरीला कॅट डोअर बसवून देणं म्हणजे घरात पिल्लांची सोय करणं. पुणे महापालिकेने २०२२ मध्ये कुत्र्यांप्रमाणे पाळीव मांजरांच्याही नोंदणीला मान्यता दिली होती, त्यामुळे लसीचा कागद जपून ठेवलेला बरा.

आता सुताराला बोलवा

माप आधी मांजराचं, मग दाराचं. मांजर उभं असताना जमिनीपासून त्याच्या पोटापर्यंतची उंची मोजा. भोकाची खालची कड त्याच्या किंचित खाली यायला हवी, म्हणजे मांजर पाय टाकून ओलांडेल, त्याला सरपटावं लागणार नाही. मोठ्या मांजरासाठी ही कड सहसा जमिनीपासून १२ ते १५ सेंटिमीटरवर येते आणि भोक साधारण १५ सेंटिमीटर रुंद. पिल्लू असेल तर आजचं माप घेऊ नका, ते साधारण वर्षभरात पूर्ण वाढतं. तोवर दोन्ही बाजूंना एखादी फळी ठेवून पायरी करता येते. बाथरूमची आणि बाल्कनीची जमीन घराच्या आतल्या जमिनीपेक्षा इंच-दोन इंच खाली असते, हे मोजताना विसरलं जातं. माप खालच्या बाजूने घ्या, नाहीतर परत येताना मांजराला उडी मारावी लागेल.

फ्लश डोअरला खाली एक आडवी लाकडी पट्टी असते, साधारण तीनेक इंचांची. ती कापली तर दार खालून सैल होतं, म्हणून भोक तिच्या वर. दारावर टकटक करून बघा. आवाज पोकळ आला तर आत भराव कमी आहे आणि झडपेचे स्क्रू धरायला भोकाच्या कडेने लाकडी पट्ट्या बसवाव्या लागतील. झडपेच्या खोक्यात बहुतेक वेळा कागदी साचा येतो. तो दारावर चिकटवायचा, चार कोपऱ्यांत ड्रिल मारायचं आणि जिगसॉने कापायचं. रेषेवर आधी मास्किंग टेप लावला की सनमायका उडत नाही. ही जास्तीत जास्त तासा-दोन तासांची गोष्ट आहे.

सुतार एक काम हमखास विसरतो, ते मात्र करून घ्या. कापलेल्या कडा तशाच उघड्या ठेवल्या तर पहिल्याच पावसाळ्यात दमट हवेने आणि बाथरूमच्या पाण्याने प्लाय फुगतं, पापुद्रे सुटतात, झडप घासायला लागते. झडपेची चौकट बसवण्याआधी त्या कडांना प्रायमर आणि ऑइल पेंटचे दोन हात मारा आणि चौकटीभोवती सिलिकॉन भरा. पश्चिमेकडून पावसाचा मारा येणाऱ्या दारात झडपेवर छोटी पागोळी-पट्टी हवी.

मांजराने वापरलीच नाही तर?

पहिल्या दिवशी वापरणार नाहीच. त्याला धरून भोकातून ढकलू नका. एकदा घाबरलं की महिनाभर त्या दाराकडे फिरकत नाही. सुरुवातीचे चार-पाच दिवस झडप टेपने वर चिकटवून ठेवा, नुसतं भोक राहू द्या. पलीकडे त्याचं आवडतं खाणं ठेवा, बांगड्याचा एखादा तुकडा पुरतो. मग झडपेच्या जागी जुन्या टी-शर्टचं फडकं लोंबतं लावा, म्हणजे डोक्याने काहीतरी बाजूला सारायची सवय होते. मग झडप अर्धी खाली आणि शेवटी पूर्ण. चिपवाली झडप उघडताना खटका वाजतो, त्या आवाजाला काही मांजरं दचकतात. झडप टेपने वर असतानाच तो आवाज चार-दोन वेळा ऐकवून ठेवा.

साधारण दोन आठवड्यांत बहुतेक मांजरं शिकतात. म्हातारी मांजरं, सांधे आखडलेली किंवा वजन वाढलेली, कधीकधी शिकत नाहीत. त्यांना झडपेचा जोर लावावा लागणं नको असतं. अशा वेळी घराच्या आतल्या दारातली झडप सरळ काढून टाका आणि नुसतं भोक ठेवा. एसीची थोडी हवा जाईल तेवढीच.